असून की असूनही?

गेली काही वर्षे आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एका रविवारी सकाळी आरे कॉलनीत भेटतो. कुणी जोगेश्वरीहून येतो, कुणी मरोळहून, एक जण मालाडच्या मालवणीहून. छोटा काश्मीरच्या बागेत सावलीतला एखादा बाक धरायचा, थर्मासमधला चहा वाटून घ्यायचा आणि आधी ठरवून वाचलेल्या पुस्तकावर बोलायचे, एवढाच कार्यक्रम. या मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. घरी कुणी कोकणी बोलतो, कुणी दखनी, कुणाच्या घरात मराठीच चालते. शाळा मात्र सर्वांची मराठी, त्यामुळे वाचनही मराठी.

एका रविवारी आमच्यातले निवृत्त शिक्षक गप्प गप्प होते. आदल्या आठवड्यात एका व्याख्यानमालेत त्यांचे संतसाहित्यावर भाषण झाले होते. परिचय करून देणाऱ्या गृहस्थांनी अगदी मनापासून त्यांचे कौतुक केले होते. "सर मुसलमान असूनही त्यांचे मराठी ऐकत राहावे असे आहे," असे ते म्हणाले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

"मग यात वाईट काय झाले?" आमच्यातल्या एका तरुणाने विचारले.

"वाईट काहीच झाले नाही," सर म्हणाले. "शिवी दिली असती तर उत्तर देता आले असते. कौतुकाला उत्तर काय देणार?"

मग एकेकाच्या पोतडीतून असे प्रसंग निघू लागले. 'तुम्ही मुसलमान वाटत नाही', 'घरीसुद्धा मराठीच बोलता?', 'आडनाव ऐकून वाटले नव्हते'. प्रत्येकाच्या वाट्याला एक तरी 'असूनही' आलेलाच होता. त्या दिवशीचे पुस्तक तसेच राहिले आणि असे ठरले की, पुढे काही महिने या शब्दाचा माग साहित्याच्या इतिहासात काढायचा. मराठी वाचक ज्याला विरोधाभास म्हणतो तो खरोखर कुठे असतो, लिहिणाऱ्यात की वाचणाऱ्यात, हा प्रश्न घेऊन आम्ही वाचू लागलो. आम्ही संशोधक नाही, वाचक आहोत. वाचक म्हणून जे हाती लागले ते येथे मांडतो.

एका अक्षराचा फरक

'असून' हा शब्द तसा निरुपद्रवी आहे. 'वडील शिक्षक असून काका शेतकरी आहेत' या वाक्यात त्याचा अर्थ 'आणि' एवढाच आहे. 'पाऊस असून तो छत्रीशिवाय निघाला' या वाक्यात मात्र तोच शब्द 'तरी'चा अर्थ देतो. शब्द एक, अर्थ दोन. पहिल्या वाक्यात दोन गोष्टी शेजारी बसलेल्या आहेत, दुसऱ्यात त्या एकमेकींसमोर उभ्या आहेत. कोणता अर्थ घ्यायचा हे शब्द सांगत नाही. ते ऐकणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेले असते. पाऊस आणि छत्री यांचे नाते आपल्याला ठाऊक असते म्हणून आपण तेथे 'तरी' ऐकतो.

आता 'अमुक गृहस्थ मुसलमान असून मराठीचे शिक्षक आहेत' हे वाक्य घ्या. यात 'आणि' आहे की 'तरी'? आमच्या सरांच्या आईला विचारले असते तर तिने 'आणि' म्हटले असते. व्याख्यानमालेच्या गृहस्थांनी 'तरी' ऐकले, आणि शंका राहू नये म्हणून 'ही' हे अक्षर जोडून दिले. तो 'ही' बोलणाऱ्याच्या मनातल्या नकाशातून आला. त्या नकाशात मुसलमान एका गावात राहतो, मराठी दुसऱ्या गावात, आणि मध्ये नदी आहे. नदी पोहून आलेल्या माणसाचे कौतुक तर होणारच!

आपल्या साहित्यशास्त्राने हे फार पूर्वी ओळखले होते. शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण विरोधाभास अलंकार शिकलो. वरवर पाहता विरोध दिसतो, थोडा विचार केला की तो मावळतो, अशी त्याची ओळख असते. त्या नावातच 'आभास' आहे. म्हणजे विरोध वस्तूत नसून दिसण्यात असतो. विरोध खरोखरच असेल आणि विचारानेही मावळत नसेल, तर तो अलंकार राहत नाही. त्याला आपण विसंगती म्हणू. या दोहोंची गल्लत झाली की वाचक दोन प्रकारच्या चुका करतो. कधी आभासाला खरा विरोध समजून चकित होतो, तर कधी खऱ्या विसंगतीला सुंदर विरोधाभास समजून तिचेही कौतुक करत बसतो.

आमच्याकडच्या सूफी परंपरेतही यावर मोठा विचार झाला आहे. अल्लाहच्या नावांमध्ये अव्वल आणि आखिर, जाहिर आणि बातिन अशा जोड्या आहेत. प्रारंभ आणि शेवट, उघड आणि गुप्त. माणसाच्या बुद्धीला परस्परविरोधी वाटणारे येथे एकाच ठिकाणी नांदते. सूफींच्या उन्मनी अवस्थेतल्या अशा उद्गारांना 'शतहियात' म्हणतात. मन्सूर हल्लाजचा 'अनल-हक' हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध उद्गार. इ. स. ९२२ मध्ये बगदादला हल्लाजला देहदंड झाला. ज्यांनी त्याच्या 'मी'चा अर्थ 'हा देहधारी मनुष्य' असा घेतला त्यांना ते वाक्य धर्मद्रोही वाटले. ज्यांनी 'मी' तेथे उरलेलाच नाही असे मानले त्यांना ती परम नम्रता वाटली. पुढे बाराव्या शतकात शिराजच्या रूजबिहान बक्लीने अशा उद्गारांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अशी वाक्ये कशी वाचावीत यासाठी ग्रंथ लिहावा लागतो आणि ती चुकीची वाचली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. वाचन ही किती जोखमीची गोष्ट आहे हे या एका उदाहरणावरून कळते.

दौलताबाद ते श्रीगोंदे

बगदादहून आता आपल्या दख्खनेत येऊ. सोळाव्या शतकात एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला. त्यात एक हिंदू आणि एक तुर्क भांडत आहेत. दोघेही हुशार आहेत. तुर्क हिंदूला विचारतो की, तुमचे देव असे कसे वागतात, दगडात कसे राहतात. हिंदू तुर्काला विचारतो की, देव सर्वत्र आहे म्हणता, तर मग एकाच दिशेला तोंड का करता? प्रत्येकाला दुसऱ्याच्या धर्मातली विसंगती लख्ख दिसते आणि स्वतःच्या धर्मातली दिसत नाही. शेवटी दोघे एकमेकांना भेटतात आणि वाद मिटतो. या रचनेचा उल्लेख आजवर ऐक्याचे उदाहरण म्हणून पुष्कळ झाला. आम्हाला त्यातला शेवट जितका महत्त्वाचा वाटतो तितकेच ते भांडणही महत्त्वाचे वाटते. एकनाथांनी तुर्काच्या तोंडी दिलेले प्रश्न गुळमुळीत नाहीत. त्यांना बोच आहे. प्रतिपक्षाच्या तोंडी चांगला युक्तिवाद घालायला मोठे मन लागते, आणि तो ऐकून घ्यायला तसे श्रोतेही लागतात.

एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे, म्हणजे दौलताबादचे किल्लेदार, अशी परंपरा आहे. त्यांचे गुरू म्हणून चांद बोधले यांचे नाव घेतले जाते. चांद बोधल्यांची कबर दौलताबादेत आहे. कुणी त्यांना कादरी सूफी मानतात, कुणी दत्तसंप्रदायात बसवतात. अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. आम्ही मात्र त्यांच्या नावापाशीच थांबलो. 'चांद' आणि 'बोधले'! दोन शब्द शेजारी शेजारी. मध्ये काहीही नाही.

याच चांद बोधल्यांचे शिष्य म्हणून शेख महंमद यांना ओळखतात. त्यांचे वास्तव्य श्रीगोंद्याला होते, ज्याचे जुने नाव चांभारगोंदे. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांची त्यांच्यावर श्रद्धा होती आणि त्यांनीच त्यांना श्रीगोंद्याला जागा करून दिली, असे सांगतात. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ते हयात होते. 'योगसंग्राम', 'पवनविजय', 'निष्कलंक प्रबोध' हे त्यांचे ग्रंथ आणि शिवाय पुष्कळ अभंग.

'योगसंग्राम' या नावाकडे पाहावे. योग म्हणजे जोडणे आणि संग्राम म्हणजे लढाई. जोडण्यासाठी लढायचे, ही कल्पनाच वरवर उलटी वाटते. पण ही लढाई माणसाच्या आत चाललेली आहे. शत्रू आहेत अहंकार, काम, क्रोध. मदरशात दोन अक्षरे शिकलेल्या कोणाही मुसलमान वाचकाला येथे जिहाद-ए-अकबर आठवेल, म्हणजे स्वतःच्या नफ्सशी करायचा मोठा संघर्ष. वारकरी वाचकाला तुकोबांचे मनाशी चाललेले रात्रंदिन युद्ध आठवेल. दोघांपैकी कोणाचे वाचन खरे? आमच्या बाकावर यावर तासभर चर्चा झाली. शेवटी असे वाटले की, शेख महंमदांना हा प्रश्नच कळला नसता. त्यांच्यापाशी दोन शब्दसंपदा होत्या आणि अनुभव एक होता. ज्या वेळी जो शब्द हाताशी आला तो त्यांनी वापरला.

त्यांच्या एका सुप्रसिद्ध अभंगात त्यांनी 'अविंध' आणि 'गोविंद' या शब्दांचे यमक जुळवले आहे. 'अविंध' म्हणजे ज्याचे कान विंधलेले नाहीत तो. जुन्या मराठीत मुसलमानाला हा शब्द वापरत. शब्द बाहेरच्यांनी दिलेला आहे आणि त्यात उणेपणा सुचवलेला आहे. शेख महंमद तो शब्द टाकून देत नाहीत, त्यावर रागावतही नाहीत. ते स्वतःला अविंध म्हणतात आणि लगेच हृदयात गोविंद असल्याचे सांगतात. आम्ही तो चरण पुन्हा पुन्हा वाचला. त्यात 'असून' नाही. 'तरी' नाही. 'परंतु' नाही. दोन विधाने एकमेकांना लागून आहेत आणि त्यांना जोडणारी गोष्ट एकच आहे, यमक. म्हणजे केवळ नाद. आपण वाचताना मात्र मध्ये 'असूनही' घालतो. चारशे वर्षांपूर्वीच्या कवीने जे लिहिले नाही ते आपण वाचतो!

शेख महंमद एकटेच होते असेही नाही. बीदरच्या बहमनी राजघराण्याशी ज्यांचे नाते सांगितले जाते ते शाह मुंतोजी, म्हणजे मृत्युंजय. गीतेवर 'अंबरहुसेनी' टीका लिहिणारे हुसेन अंबरखान. 'सिद्धान्तबोध' लिहिणारे शहामुनी. अभंग लिहिणारे लतीफ शाह. ही नावे एकत्र आणून त्यांच्याकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचे मोठे काम डॉ. रा. चिं. ढेरे यांनी केले. त्यांच्या पुस्तकाचे नाव आहे 'मुसलमान मराठी संतकवी'. हे नावही आम्ही नीट वाचले. तीन शब्द, तिन्ही शेजारी. ढेऱ्यांनीही मध्ये 'असून' घातला नाही. डॉ. यू. म. पठाण यांनी आयुष्यभर संतसाहित्याचा आणि महानुभाव साहित्याचा अभ्यास केला, त्यातही हीच दृष्टी दिसते.

चमत्काराची अडचण

एखाद्या गोष्टीला चमत्कार म्हटले की ती सन्मानाने बाजूला ठेवता येते. शेख महंमदांचे असेच झाले, असे आम्हाला वाटते. 'मुसलमान असूनही त्यांनी गोविंदाचे गुण गायिले' असे म्हटले की ते अपवाद ठरतात. अपवादाने नियम सिद्ध होतो म्हणतात. एका शेख महंमदाचे जेवढे कौतुक करावे तेवढा बाकीच्या शेखांवर अविश्वास दाखवायला मोकळीक मिळते. सरांना व्याख्यानमालेत जे खुपले ते हेच. टाळ्या त्यांच्यासाठी होत्या, पण त्या टाळ्यांत त्यांच्या वस्तीला, त्यांच्या भावंडांना, त्यांच्या विद्यार्थ्यांना जागा नव्हती.

एक कबुलीही द्यायला हवी. ही चूक फक्त एका बाजूने होते असे नाही. आपल्यातही असे वाचक आहेत की ज्यांना शेख महंमद आपले वाटत नाहीत. गोविंदाचे नाव घेतले म्हणून ते दूर गेले, असे त्यांना वाटते. म्हणजे 'असूनही' त्यांच्याही मनात आहे, फक्त उलट्या बाजूने. एक म्हणतो, मुसलमान असूनही संत. दुसरा म्हणतो, संत असले तरी मुसलमान कसले? दोघांचा नकाशा तोच, दोघांची नदीही तीच.

अशा वाचनाचे परिणाम पुस्तकापुरते राहत नाहीत. २०२५ साली खुद्द श्रीगोंद्यात शेख महंमदांच्या स्थानावरून वाद पेटला. ते मंदिर की दर्गा, त्याची नोंद कोणत्या दप्तरी असावी, यावरून माणसे रस्त्यावर आली. कोणाची कायदेशीर बाजू बळकट हे ठरवण्याचा आमचा अधिकार नाही. पण ज्याने आयुष्यभर दोन शब्द शेजारी ठेवून लिहिले त्याच्या स्थानापाशी 'दोहोंपैकी एकच सांगा' असा आग्रह धरला जावा, याचे दुःख वाटते. दप्तराच्या रकान्यात एकच नोंद मावते. अभंगाच्या चरणात दोन मावत होत्या.

डफ आणि इंधन

संतांनंतर शाहीर. जेजुरीचा सगनभाऊ हा उत्तर पेशवाईतला नावाजलेला शाहीर, जातीने मुसलमान शिकलगार. त्याच्या लावण्यांवर मराठी रसिक लुब्ध होते. ज्या जेजुरीच्या खंडोबाला भाविक 'मल्लूखान' म्हणूनही हाक मारतात, त्या गावच्या शाहिराला कोणी 'असूनही' म्हटले असेल असे वाटत नाही. निदान लावणीच्या बैठकीत तरी नसावे.

विसाव्या शतकात अमर शेख आले. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल गिरणगावात येऊन अमर शेख झाला. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात त्यांनी मुंबई जागवली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज चौपाटीपासून खेड्यापाड्यांपर्यंत घुमला. 'अमर' संस्कृतातून आलेला, 'शेख' अरबीतून. पुन्हा तेच, दोन शब्द शेजारी. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा 'मराठी कोण' या प्रश्नाचे एक उत्तर त्या डफावर आधीच वाजून गेले होते. ते उत्तर पुढच्या पिढ्यांनी किती ऐकले, हा प्रश्न वेगळा.

येथवर वाचून आम्ही खुशीत होतो. सगळे विरोध आभासच ठरत होते. तेव्हा आमच्यातल्या तरुणाने हमीद दलवाईंची 'इंधन' कादंबरी पुढे ठेवली आणि बैठकीचा नूर पालटला. १९६५ साली आलेली ही कादंबरी कोकणातल्या एका गावाची आहे. मुंबईहून बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला मुसलमान निवेदक आहे. पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या अंगणात वावरलेली माणसे आहेत. जमिनीचे, जातीचे, मानापमानाचे, स्त्री-पुरुष संबंधांचे ताण आहेत. आणि बघता बघता ते गाव पेटते. येथे विचार केला की विरोध मावळतो असे होत नाही. जितका विचार करावा तितका तो अधिक स्पष्ट होतो. हा विरोधाभास नाही. ही विसंगती आहे.

दलवाईंविषयी आमच्यात एकमत नाही, कधी होणारही नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस १९७७ साली अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. त्यांची भूमिका कुणाला धाडसी वाटते, कुणाला एकांगी. मात्र कादंबरीकार म्हणून त्यांनी एक गोष्ट केली हे सर्वांनी मान्य केले. त्यांनी गावाला गंगा-जमनी रंगात रंगवून सोडून दिले नाही. 'आमच्या गावात सगळे एकत्र नांदतात' असे म्हणणाऱ्या प्रत्येक गावात काही न बोललेले असते, ते त्यांनी लिहिले. शेख महंमद वाचताना आपण नसलेला विरोध पाहतो. आपल्या गावाविषयी बोलताना असलेला विरोध झाकतो. चांगले साहित्य या दोन्ही सवयी मोडते, म्हणून ते वाचायचे.

१९९० चे वर्ष

आमच्या शोधात एक वर्ष असे आले की त्यापाशी सर्वांनाच थांबावे लागले. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या मंडळींनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या. त्याच १९९० साली पुण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले आणि त्याचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण.

एकाच वर्षी एक मुसलमान विद्वान मराठीच्या सर्वांत मोठ्या मांडवात अध्यक्षपदी बसतो, आणि त्याच वर्षी मराठी मुसलमान लेखकांना वेगळा मांडव घालावासा वाटतो! हा विरोधाभास की विसंगती? पहिल्या झटक्यात आमच्यातल्या काहींनी विसंगती म्हटले. आपणच 'असूनही' नको म्हणायचे आणि आपणच 'मुस्लिम मराठी' अशी पाटी लावायची, हे कसे? ज्या अंकात हा लेख छापला जात आहे त्यालाही हा प्रश्न लागू आहे.

सरांनी यावर जे सांगितले ते आम्हाला पटले. ते म्हणाले, एका व्यक्तीला व्यासपीठावर बसवले म्हणून तिच्या मोहल्ल्यातले जगणे पुस्तकात येत नाही. विणकरांची गल्ली, तलाक झालेल्या बाईची परवड, दंगलीनंतरचे मौन, ईदच्या आदल्या दिवशीची उधारी, हे मराठीत कोण लिहिणार? मोठ्या मांडवात त्याला मनाई नव्हती, पण वाट पाहणारेही कोणी नव्हते. म्हणून आपला मांडव. त्यातले 'मुस्लिम' हे 'मराठी'च्या शेजारी ठेवलेले आहे, समोर उभे केलेले नाही. वेगळे होण्यासाठी म्हणून हा मांडव घातला नाही. ऐकू यावे म्हणून घातला. ज्या दिवशी त्याची गरज वाटणार नाही त्या दिवशी तो उतरवायलाही हरकत नाही. तो दिवस आला आहे असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नाही.

जंगल असून

हे सारे आम्ही जिथे बसून बोलत होतो त्या जागेविषयी सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आरे कॉलनी ही स्वतःच एक 'असून'ची गोष्ट आहे. १९४९ साली सरकारने ती स्थापन केली. मुंबईतले तबेले शहराबाहेर हलवावेत आणि लोकांना चांगले दूध मिळावे हा हेतू होता. दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी ती उभी केली, १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे १२८७ हेक्टरांचा हा प्रदेश. आत म्हशींचे गोठे, कुरणे, बागा. आणि गोठ्यांच्याही आधीपासून असलेले आदिवासींचे पाडे. नाव कॉलनी, पण रात्री बिबट्या फिरतो. बागेचे नाव छोटा काश्मीर, पण हवा मुंबईची.

मेट्रोच्या कारशेडचा वाद सुरू झाला तेव्हा प्रश्न आला, हे जंगल आहे की नाही? ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने आरेला वन ठरवण्याची मागणी फेटाळली. त्याच रात्री झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबवली, तोवर २१४१ झाडे पडली होती. २०२० मध्ये राज्य सरकारने आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन करण्याचे जाहीर केले आणि कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि कारशेड पुन्हा आरेत आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा येथूनच सुरू झाला. भुयारी मार्गाचे जमिनीवर असलेले एकमेव स्थानक ते हेच आरे.

जंगल असून जंगल नाही, आणि काही महिन्यांनी त्याच कॉलनीतला तुकडा वन. यातला काही भाग केवळ शब्दांचा खेळ आहे. पण पडलेली झाडे खेळातली नव्हती. येथे आभास कोणता आणि विसंगती कोणती हे ओळखायला साहित्यशास्त्र लागत नाही.

एकदा बागेतून परतताना पाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक वृद्ध वारली भेटले. आमच्यातल्या तरुणाने त्यांना विचारले, "बाबा, हे जंगल म्हणायचे की कॉलनी?"

"ते तुम्ही कागदात बघा," ते म्हणाले. "आम्ही इथं राहतो."

थोड्या अंतरावर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड होता. तरुणाने पुन्हा विचारले, "बिबट्याची भीती नाही वाटत?"

"वाटते की."

"मग त्याचीच पूजा करता?"

"म्हणून तर करतो," ते म्हणाले, आणि असा प्रश्न विचारणारे आम्हीच विचित्र, अशा नजरेने बघून वाटेला लागले.

आम्ही जेथे 'भीती असूनही पूजा' असे वाचले होते तेथे त्यांच्यापाशी 'भीती आहे म्हणून पूजा' होते. विरोध आमच्या नजरेत होता. घरी परतताना बसमध्ये कोणी फारसे बोलले नाही.

पुढे सरांना आणखी एका ठिकाणी भाषणाचे बोलावणे आले. या वेळी त्यांनी संयोजकांना विनंती केली की, परिचय मीच करून देतो. उभे राहून ते म्हणाले, "मी मुसलमान आहे. मी मराठीचा शिक्षक आहे." मध्ये थोडे थांबले, इतकेच. मग त्यांनी शेख महंमदांचा तो अविंध-गोविंदाचा अभंग म्हटला आणि व्याख्यान सुरू केले. त्या दिवशी टाळ्या जरा उशिरा पडल्या, असे ते सांगतात. श्रोत्यांना मधला शब्द शोधायला वेळ लागला असावा.